तिसरा पार्ट वाचू की नको?

पत्र असं आलंय (थोडं छोटं करून देतेय):

"ताई, मी अकरावीला आहे, चिपळूणला राहते. दिवाळीच्या सुट्टीत डायव्हर्जंटची तिन्ही पुस्तकं एका दमात वाचली. पहिल्याने वेड लावलं, दुसरं बरं वाटलं, तिसरं संपलं तेव्हा इतका राग आला की पुस्तक कपाटात पार मागे ढकलून दिलं, आणि रडले पण. आई म्हणाली पुस्तकातल्या मुलीसाठी काय रडतेस. आता हंगर गेम्सची पहिली दोन झालीत, तिसरं म्हणजे मॉकिंगजे टेबलावर पडलंय आणि हात लावायची हिंमत होत नाहीये, कारण माझी मावसबहीण म्हणते वाचूच नकोस, त्यातली नायिका कॅटनिस पार बदलते, सगळं उदास आहे. या सिरीज शेवटी शेवटी गंडतातच का? वाचू की इथेच थांबू? आणि माझा राग बरोबर होता की मी बालिश आहे?"

अगं वाच. हे आधीच सांगून टाकते म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. दोन पुस्तकं जीव लावून वाचलीस, आणि कॅचिंग फायरच्या अगदी शेवटी कॅटनिसचा मित्र गेल जे एक वाक्य बोलतो ते ऐकून कोणी पुस्तक मिटून गप्प बसू शकतं यावर माझा विश्वास नाही. फक्त डायव्हर्जंटचा राग डोक्यात ठेवून मॉकिंगजे उघडू नकोस, नाहीतर पहिल्या पानापासून तू चुका शोधत बसशील. म्हणून आधी त्या रागाचं बघू.

(तू डायव्हर्जंट पूर्ण वाचलंयस म्हणून त्याबद्दल मी मोकळेपणाने बोलणार आहे, ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी तेवढं सोडून पुढे जा. मॉकिंगजेचा शेवट मात्र कुठेही फोडणार नाही, घाबरू नकोस.)

राग आला एवढंच तू लिहिलंयस, कशाचा ते लिहिलं नाहीस. मला वाटतं तुझ्या मनात दोन वेगवेगळे राग आहेत आणि ते एकात एक मिसळलेत. एक, डायव्हर्जंटची नायिका ट्रिस मरते याचा. दुसरा, गोष्टीतल्या बंदिस्त शिकागो शहराच्या बाहेर पडल्यावर जे काही निघतं ते पटत नाही याचा. यातला पहिला राग म्हणजे दुःख आहे गं, आणि दुसरी मात्र खरोखरची तक्रार आहे.

ट्रिसच्या मरणाबद्दल मी लेखिकेच्या, म्हणजे व्हेरॉनिका रॉथच्या बाजूने आहे. जरा मागे जाऊन बघ. पहिल्या पुस्तकात ती अ‍ॅब्नेगेशन हा आपला गट सोडते कारण तिला वाटतं की आपल्यात तो निःस्वार्थीपणा नाहीच, आणि त्याच पुस्तकात तिची आई तिच्यासाठी गोळ्या झेलते. दुसऱ्यात आपल्या मित्राला, विलला मारल्याचं ओझं तिला इतकं झालंय की ती एरुडाइट या शत्रू गटाकडे स्वतःहून मरायला जाते, आणि तिथे टेबलावर आडवी झाल्यावर तिला कळतं की आपल्याला जगायचंय. तिसऱ्यात तिचा भाऊ केलेब मरण नक्की असलेल्या कामगिरीवर जायला तयार होतो, पण तो अपराधीपणातून जातोय हे तिला दिसतं, आणि ती त्याच्या जागी जाते. यावेळी ती मरायला म्हणून जात नाही, तिला परत यायचं असतं. दुसऱ्या पुस्तकातलं जाणं आणि तिसऱ्यातलं जाणं यात हा जो फरक आहे ना, तो लेखिकेने पहिल्या पुस्तकापासून रचत आणलाय, एवढं मान्य करायला हवं. आवडलं नाही तरी ते उगाच धक्का द्यायचा म्हणून केलेलं नाही. आणि नंतर तिचा प्रियकर टोबायस विसरण्याचं सीरम घेऊन बसतो, सगळं पुसून टाकायचं म्हणून, आणि ट्रिसची मैत्रीण क्रिस्टिना त्याला अडवते, तो प्रसंग परत वाच कधीतरी. माझ्या मते सगळ्या सिरीजमधलं सगळ्यात चांगलं लिखाण तिथे आहे, पण आपण तेव्हा इतके रडवेले असतो की ते नीट वाचलंच जात नाही.

आता दुसरा राग. इथे मात्र मी पूर्ण तुझ्या बाजूने. पहिल्या पुस्तकाची मजा कशात होती सांग? पाच गट, सोळाव्या वर्षी एक निवडायचा, आणि निवड चुकली तर घर गेलं. हे शहर असं का बनलं असेल असा प्रश्न पडतो, पण तो बाजूला ठेवून आपण वाचत राहतो कारण ट्रिस चालत्या ट्रेनमधून छपरावर उडी मारतेय आणि मग त्या छपरावरून अंधाऱ्या खड्ड्यात, आणि खाली जाळी आहे हे तिलाही माहीत नाही आणि आपल्यालाही. तिसऱ्या पुस्तकात तो बाजूला ठेवलेला प्रश्न उचलून त्याचं उत्तर द्यायचं ठरतं, आणि उत्तर काय, तर ओहेर विमानतळावर एक सरकारी ब्यूरो बसलाय, जीन्स बिघडलेली माणसं आणि शुद्ध जीन्सची माणसं असे दोन प्रकार आहेत, आणि अख्खं शिकागो हा प्रयोग आहे. म्हणजे आधी एक प्रश्न होता, आता दहा झाले. जीन्स दुरुस्त व्हायला पाच गटच का लागतात? टोबायसचे जीन्स बिघडलेले निघतात मग सिम्युलेशनमध्ये, म्हणजे औषध देऊन मनात उभ्या केलेल्या भासात, तो शुद्धीवर कसा राहायचा? पुस्तक थोडंफार समजावतं, पण ते समजावणं कोणीतरी पाठ करून आल्यासारखं वाटतं, पानंच्या पानं कोणीतरी येऊन माहिती देतंय आणि ट्रिस ऐकतेय.

आणि दोन नॅरेटर. आधीची दोन पुस्तकं एकट्या ट्रिसच्या तोंडून, तिसऱ्यात अचानक एक चॅप्टर ट्रिसचा, एक टोबायसचा. चॅप्टरवर नाव छापलंय म्हणून कळतं, नाहीतर मध्येच पान उघडलं तर कोण बोलतंय ते मागे जाऊन बघावं लागतं, कारण दोघांचा आवाज एकच आहे. शिवाय वाचणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकतेच ना, की आता दुसरा नॅरेटर का लागला? पहिल्याचं काय होणार आहे? म्हणजे शेवटाचा सुगावा पुस्तकाच्या रचनेतूनच लागतो. हे खरे दोष आहेत, आणि ते तुला जाणवले असतील तर तुझं वाचन चांगलं आहे, बालिश अजिबात नाही.

आता तुझा मोठा प्रश्न, की गंडतातच का. सगळ्या नाही गंडत, पण अशा सिरीजना एक अडचण मुळातच असते. या पुस्तकांमध्ये पहिल्या भागात एक बंद जागा असते आणि तिचे कडक नियम असतात. हंगर गेम्समध्ये बारा डिस्ट्रिक्ट, चोवीस मुलं, एक वाचणार. किंवा मेझ रनर घे, भिंतींच्या आतली ती जागा, रात्री दरवाजे बंद होणार, बाहेर राहिलास तर मेलास. आपण प्रेमात पडतो ते या नियमांच्या, नियम क्रूर असले तरी, कारण त्यात प्रत्येक मिनिटाला काहीतरी पणाला लागलेलं असतं. पण गोष्टीचं वचन काय असतं? की ही व्यवस्था मोडणार. म्हणजे जी जागा आपल्याला आवडली तीच लेखकाला शेवटी पाडायची असते, आणि ती पडल्यावर उरतं युद्ध, राजकारण, सैन्य, नवं सरकार, हा जुना अन्याय नक्की कोणी आणि का सुरू केला याचा हिशोब. एका मुलीला झाडावर रात्र काढायला लावणं आणि एक अख्खी क्रांती पटेल अशी लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत, पहिलं ज्याला जमतं त्याला दुसरं जमेलच असं नाही. मेझ रनरमध्ये माझ्या मते नाही जमलं, चक्रव्यूह मागे पडल्यावर तो कशासाठी बांधला होता याचं जे कारण पुढे येतं ते एवढ्या सगळ्या मुलांच्या मरणाला पुरत नाही.

त्यात वेळेचा भाग आहे. ही पुस्तकं तेव्हा वर्षाला एक या वेगाने यायची, हंगर गेम्स २००८, २००९, २०१०, आणि डायव्हर्जंट २०११, २०१२, २०१३. रॉथने पहिलं पुस्तक कॉलेजात, नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत शिकत असताना लिहिलं, आणि मग ते एवढं गाजलं की सगळी दुनिया दारात उभी, पुढचं कधी. वीस-बावीसच्या मुलीने त्या दबावात तीन वर्षांत सिरीज संपवली याचं मला कौतुकच वाटतं, पण तिसऱ्या पुस्तकाच्या जगाला अजून एक-दोन वर्षं शिजायला मिळायला हवी होती. सिनेमांचंही तसंच झालं, तिसऱ्या पुस्तकाचे दोन सिनेमे करायचे ठरलं, त्यातला पहिला २०१६ ला आला आणि आपटला, शेवटचा कधी बनलाच नाही.

सुझन कॉलिन्सचं प्रकरण वेगळं आहे, आणि म्हणूनच तुला मॉकिंगजे वाच म्हणतेय. ती हंगर गेम्सच्या आधी मुलांच्या टीव्ही मालिका लिहायची, ग्रेगर नावाच्या मुलाची पाच पुस्तकांची सिरीज पूर्ण करून झाली होती आणि तीही शेवटी युद्धाचीच गोष्ट होती. तिचे वडील एअर फोर्समध्ये होते, ती लहान असताना ते व्हिएतनामला गेले होते, त्या वर्षावर तिने पुढे २०१३ मध्ये एक चित्रांचं पुस्तकही केलं. म्हणजे युद्धातून परत आलेल्या माणसाचं घरात काय होतं हा तिचा विषय आधीपासूनच होता, अरेना, म्हणजे ती मुलं एकमेकांना मारतात ते मैदान, हा तिथपर्यंत न्यायचा रस्ता होता. आपण वाचकांनी अरेनालाच मुक्काम समजलं.

तुझी मावसबहीण जे सांगतेय ते खोटं नाहीये. कॅटनिस बदलते. पहिल्या पुस्तकात ती ठरवते, धनुष्य कुठे ताणायचं, झाडावर कधी चढायचं, त्या विषारी बेरी काढायच्या की नाही. मॉकिंगजेमध्ये तिच्यासाठी बाकीचे ठरवतात. डिस्ट्रिक्ट तेरामध्ये, म्हणजे बंडखोरांच्या जमिनीखालच्या तळावर, रोज सकाळी भिंतीतल्या एका यंत्रात हात घालायचा, हाताच्या आतल्या बाजूला जांभळ्या शाईत दिवसाचं टाइमटेबल उमटतं, नाश्ता इतक्या वाजता, काम इतक्या वाजता, आणि रात्री आंघोळीच्या वेळेपर्यंत ते जात नाही. कॅटनिस ते टाइमटेबल पाळतच नाही, कुठेतरी सामानाच्या खोलीत, कपाटात जाऊन लपून झोपते. हे वाचताना वैताग येतो, अगं उठ ना, काहीतरी कर ना, असं होतं. पण दोनदा अरेनातून बाहेर आलेली सतरा वर्षांची मुलगी अजून काय करेल सांग? ती तिसऱ्यांदाही तशीच ताठ उभी राहिली असती तर ते मला खोटं वाटलं असतं.

एक प्रसंग सांगते, यात शेवट फुटत नाही. सगळे खाली बंकरमध्ये अडकलेत, वर बॉम्ब पडतायत, पोरांचा वेळ जावा म्हणून कॅटनिस धाकट्या बहिणीच्या, प्रिमच्या मांजराशी, बटरकपशी खेळते. टॉर्चचा उजेड जमिनीवर फिरवायचा आणि मांजर त्यावर झडप घालणार, सगळे हसतायत. उजेड जवळ असला की मांजर खुशीत, टॉर्च बंद केला तर थोडं सैरभैर होतं मग दुसरीकडे वळतं, पण उजेड चालू ठेवून भिंतीवर उंच, पंजा पोचणार नाही अशा ठिकाणी धरला की मात्र ते वेडंपिसं होतं, ओरडत राहतं. आणि मग झोपायच्या वेळी कॅटनिसच्या लक्षात येतं की राष्ट्राध्यक्ष स्नो आपल्याशी नेमकं हेच करतोय, त्याच्या ताब्यात असलेला तिचा अरेनातला जोडीदार पीटा म्हणजे तो उजेड आहे. एवढंच. दोन-अडीच पानांत तिने दाखवलंय की माणूस न मारता कसा मोडतात. अरेनातल्या कुठल्याही मारामारीपेक्षा मला हे जास्त लक्षात राहिलंय, आणि असं पुस्तक गंडलेलं आहे असं मी म्हणू शकत नाही.

दोष आहेत, तेही सांगते. शेवटचा भाग घाईत आहे. काही माणसं, जी तुला दुसऱ्या पुस्तकात आवडली असणार, त्यांच्याबद्दल अशा एका-दोन वाक्यांत उरकलंय की तू मागे जाऊन परत वाचशील, खरंच असं झालं का म्हणून. काही मोठ्या गोष्टी कॅटनिसच्या पाठीमागे होतात आणि तिला (आणि आपल्याला) नंतर सांगितल्या जातात, ती बेशुद्ध होते, हॉस्पिटलमध्ये जागी होते, हे जरा जास्तच वेळा होतं. आणि गेल की पीटा हा प्रश्न धरून वाचायला बसलीस तर नक्की निराश होशील, त्या प्रश्नाला या पुस्तकात फार जागाच नाहीये, उत्तर मिळतं पण गाजावाजा न करता. मावसबहिणीला विचार बरं, ती गेलच्या बाजूची आहे का, मला शंका आहे.

मग वाचायचं कसं? पहिलं म्हणजे एका दमात नाही. ज्यांनी ही पुस्तकं निघाली तेव्हा वाचली त्यांना दोन पुस्तकांच्या मध्ये जवळजवळ वर्ष मिळायचं, तेवढ्यात ते मोठे व्हायचे, मैत्रिणींशी भांडायचे, पुढे काय होईल याचे अंदाज बांधायचे. तू डायव्हर्जंटची तिन्ही एका सुट्टीत संपवलीस, म्हणजे ट्रिस तुला भेटली आणि गेली हे सगळं फराळ संपायच्या आत झालं, मग सावरणार कधी? मॉकिंगजेचे तीन भाग आहेत, प्रत्येकात नऊ चॅप्टर. एक भाग झाला की एक-दोन दिवस थांब. थांबवणार नाही असं वाटेल, तरी थांब. तिसरा भाग परीक्षेच्या आदल्या रात्री सुरू करू नकोस, हे मी अगदी कळकळीने सांगते. आणि तोपर्यंत कुणाचे रिव्ह्यू, रील्स, सिनेमाचे क्लिप काही बघू नकोस.

त्यानंतर वाटलं तर मागच्या काळातली दोन पुस्तकं आहेत, २०२० मध्ये आलेलं तरुण स्नोचं आणि २०२५ मध्ये आलेलं, कॅटनिसला गेम्ससाठी शिकवणाऱ्या हेमिचच्या स्वतःच्या गेम्सचं. दोन्हीत अरेना परत आहे. पण ती आधी घेऊ नकोस, हेमिच असा का पितो हे तुला मॉकिंगजेनंतर कळलं तर जास्त लागेल.

थांबायचं कुठे हेही विचारलंयस. सगळ्या सिरीज पूर्ण करायलाच हव्यात असा काही नियम नाही. लोईस लाउरीचं द गिव्हर १९९३ चं, पहिलं पुस्तक एकटं पुरेसं आहे, त्याचा शेवट मुद्दाम उघडा ठेवलाय, पुढच्या तीन पुस्तकांत हळूहळू उत्तर मिळतं पण तुला तो उघडा शेवट आवडला तर तिथेच थांब, काही बिघडत नाही. मेझ रनर पहिल्यावर थांबलीस तरी चालेल. उलट पॅट्रिक नेसची केऑस वॉकिंग ही तीन पुस्तकं मात्र अर्धवट सोडू नकोस, ती चढत जातात. तिथे पुरुषांच्या मनातले विचार सगळ्यांना ऐकू येतात, आणि तिसऱ्या पुस्तकात तीन जण गोष्ट सांगतात, तिघांचा टाइपही वेगळा छापलाय, पण तो नसता तरी तू एका वाक्यात ओळखलं असतंस कोण बोलतंय ते. डायव्हर्जंटच्या तिसऱ्या भागात जे हुकलं ते इथे कसं जमलंय ते तुला लगेच दिसेल. त्या तिसऱ्या पुस्तकालाच २०११ चं कार्नेगी मेडल मिळालं, म्हणजे शेवटची पुस्तकं पडतातच असं म्हणणाऱ्यांना दाखवायला हे एक चांगलं आहे.

आईचं म्हणशील तर तिच्याशी वाद घालू नकोस. तिला ट्रिसची गोष्ट सांग, पहिल्यापासून, ट्रेनमधून उडी मारते तिथपासून सांग, आईच्या गोळ्या झेलण्यापर्यंत. मला वाटत नाही ती मध्येच उठून जाईल. आणि रडलीस ते चांगलंच झालं, एका मुलीच्या आयुष्यात तू तीन पुस्तकं राहिलीस, ती गेली तर डोळ्यात पाणी येणारच.

मॉकिंगजे संपल्यावर मला परत लिही. शेवटाकडे एका खोलीत काही माणसं बसून मतदान करतात, तिथे कॅटनिस जे मत देते ते ती मनापासून देते की त्यामागे डाव आहे, यावर वाचक २०१० पासून भांडतायत. मी डावाच्या बाजूची आहे, हेमिच तिच्यामागून जे बोलतो त्यावरून. तू कुठल्या बाजूची ते कळव, आणि मावसबहिणीलाही विचार.